घरातलं माणूस गेल्यावर त्याचं आयुष्य लिहून ठेवायचं तर

घरातलं माणूस गेलं की पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी म्हणतंच, "पेपरात द्यायला चार ओळी लिही रे, तुला जमतं." मग ज्याला जमतं तो मोबाईल काढून बसतो आणि 'प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी' अशी सुरुवात करतो. पुढे 'अल्पशा आजाराने', आणि शेवटी 'पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार'. यात खोटं काहीच नसतं. पण नाव बदललं तर तोच मजकूर शेजारच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनाही चालतो.

हा लेख लिहायला पुढे केलेल्या त्या माणसासाठी आहे. पेपरातल्या चार ओळी होऊन जातातच. इथे बोलायचंय ते पाच-सहा पानांबद्दल, ज्यात गेलेलं माणूस ओळखू येईल आणि जी पानं आज पाळण्यात असलेलं नातवंड वीस वर्षांनी वाचू शकेल. त्यातलं निम्मं काम तेराव्याच्या आत उरकायचं असतं. गावचे चुलते, माहेरच्या मावश्या, कामावरचे दोस्त, जुन्या चाळीतले शेजारी ही सगळी मंडळी मुंबईत एका खोलीत एरवी जमतात कधी? लग्नात जमतात, पण तिथे पंगत गाठायची घाई. तेराव्यानंतर प्रत्येक जण आपापली गाडी पकडतो, आणि "पुन्हा आलो की निवांत सांगतो" हे राहून जातं.

आधी एक माणूस आणि एक वही

हे काम थोरल्या मुलावर टाकू नका. त्याच्या मागे विधी, बँक आणि वॉर्ड ऑफिस लागलेलं असतं. नात, भाची, धाकटी सून, पुतण्या, ज्याला ऐकत बसायला आवडतं असं कोणीही चालेल. सुनेला तर बऱ्याचदा जास्त ठाऊक असतं, कारण शेवटची काही वर्षं दुपारचा चहा तिनंच बरोबर घेतलेला असतो.

शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर गेल्याची तारीख, वेळ, ठिकाण आणि तिथी लिहा. तिथी त्याच दिवशी लिहिलेली बरी. वर्षश्राद्ध तिथीनं येतं, पेपरातलं 'प्रथम पुण्यस्मरण' तारखेनं येतं, अधिक महिना मध्ये आला की दोन्हींत चांगलंच अंतर पडतं, आणि मग फोनाफोनी सुरू होते. भेटायला आलेल्यांची नावं, नातं किंवा ओळख आणि फोन नंबर याच वहीत.

कागदपत्रांचं एकच सांगतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. इस्पितळात गेलं असेल तर कळवण्याचं काम इस्पितळ करतं, तरी स्मशानातली किंवा दफनभूमीतली पावती जपून ठेवा आणि दाखला हातात आला की तिथल्या तिथे नावाचं स्पेलिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय तपासा. पुढे सगळे कागद या दाखल्याला धरून चालतात.

घराघराची रीत वेगळी असते. कुठे दहावं-बारावं-तेरावं, बौद्ध घरात जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, ख्रिस्ती घरात महिन्याची मिस्सा, मुस्लिम घरात चाळीसावं. तुमच्याकडे ज्या दिवशी माणसं जमतात ते तुमचे आठवणी गोळा करायचे दिवस. विधी चालू असताना मात्र वही बंद. लोक जेवून सैलावले, चटया पसरल्या, की मग बसा.

विचारायचं काय

"कसे होते हो काका?" असं विचारलं की "देवमाणूस!" हे उत्तर येणार, आणि पुढे शांतता. ज्याच्या उत्तरात काहीतरी घडलेलं सांगावं लागेल असे प्रश्न विचारा.

आत्याला विचारा, "बाबा लहानपणी कोणाला घाबरायचे?" मामाला विचारा, "आई माहेरी आली की पहिलं काय करायची?" शेजारच्या काकूंना विचारा, "तुमचं आईशी कधी वाजलं होतं का?" या एका प्रश्नाला नळावरच्या भांडणापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत काहीही निघतं, आणि हसत हसत निघतं. कामावरच्या दोस्तांना विचारा, डब्यात काय असायचं, कोणती गाडी पकडायचे, साहेबाशी कसं बोलायचे. पैसे कशात लपवायचे, कोणती भाजी ताटात नको असायची, रागावले की बोलायचे की गप्प व्हायचे, कुणाला उसने दिले आणि परत मागितले नाहीत, हे विचारा. शेवटच्या आजारपणाबद्दल फार विचारू नका. ते आधीच दहा जणांना सांगून झालेलं असतं आणि सांगणारा दमलेला असतो.

म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही. "कुठल्या वर्षी?" असं विचारलं की ती बिचकतात आणि गोष्ट तिथेच तुटते. त्यापेक्षा त्यांना आठवतील अशा खुंट्या द्या. मुंबईत त्या भरपूर आहेत. ट्राम चालू होती का तेव्हा? (शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली.) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठल्या खोलीत होता? (११ डिसेंबर १९६७, पहाटे. मुंबईतही भांडी वाजली होती.) युद्धातला ब्लॅकआउट आठवतो का? (डिसेंबर १९७१.) दुष्काळाच्या आधी मुंबईला आलात की नंतर? (१९७२.) चाळीत कोणाकडे टीव्ही होता? (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं.) रेल्वेचा संप? (मे १९७४.) गिरणी संप? (१८ जानेवारी १९८२ पासून.) गावी जायला कोकण रेल्वे होती की एसटीच? (पूर्ण मार्ग १९९८ ला खुला झाला.) आणि २६ जुलै २००५ चा पाऊस तर प्रत्येकाला पाठ असतो. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. गेलेलं माणूस त्या रात्री कुठे अडकलं होतं, घरी कसं आलं, हे विचाराच. मुंबईतल्या जवळपास प्रत्येक घरात याचं एक उत्तर असतं, आणि त्या उत्तरात माणूस कळतो.

फोनवर रेकॉर्ड करा, पण सांगून करा. "आजी, नंतर नीट लिहिता यावं म्हणून चालू ठेवते हं" एवढं पुरतं. पंखा थोडा वेळ बंद, टीव्ही बंद, रस्त्याकडची खिडकी लावलेली. वीस मिनिटांच्या वर एका माणसाला बसवू नका. समोरासमोर मुलाखत घेतल्यासारखं बसलात तर मावशी पदर सावरून शुद्ध बोलायला लागते. तिच्याबरोबर भाजी निवडायला बसा, मग बघा. रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करून पाणी द्या, पुढचा प्रश्न विचारू नका. पाच मिनिटांनी बहुतेक ती स्वतःच बोलू लागते.

पोटापाण्याचं नीट लिहा

आपल्याकडच्या आठवणींत सगळ्यात पोकळ जागा हीच. 'गिरणीत कामाला होते' एवढ्यावर माणसाची तीस वर्षं संपतात. कोणती गिरणी? साचाखातं (विणकामाचं) की आणखी कुठलं? कायम होते की बदली? बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा आणि कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळायचं. तशी चार-पाच वर्षं काढलेल्या माणसानं पुढे आयुष्यभर कामाला दांडी का मारली नाही, हे एवढ्या एका तपशिलात कळतं. पाळी कोणती? रातपाळी असली तर दुपारी घरातली पोरं कुठे पाठवायचे?

गिरणगावातलं घर असेल तर १९८२ टाळता येत नाही. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांना ती नोकरी पुन्हा मिळाली नाही. मग तुमच्या घरी काय झालं? गावी गेले? वॉचमन झाले? भाजीची गाडी लावली? नुसतेच बसून राहिले? शेवटचं उत्तर असेल तर तेही लिहा. आणि त्याला लागूनच पुढचा प्रश्न विचारा: त्या दिवसांत घर कशावर चाललं? पुष्कळ ठिकाणी उत्तर आईपाशी किंवा आजीपाशी येऊन थांबतं.

इथे मी जरा हट्टानं सांगेन. बाईबद्दल 'गृहिणी होत्या' लिहून मोकळे होऊ नका. गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या बायका होत्या. गावाकडून एकट्यानं आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. अशा खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराचा फास सुटावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तुमच्या आजीकडे किती जण जेवायला असायचे, बाजार कोण आणायचं, पैसे बुडवून कोण गेलं, पहाटे किती वाजता शेगडी पेटायची, हे तिच्या वयाच्या शेजारणीला विचारा. घरातल्या पुरुषांना यातलं फारसं आठवत नाही, ते फक्त "आईच्या हाताला चव होती" म्हणतात. पापड लाटणं, शिवण, फॉल-बिडिंग, शिकवण्या, घरकामं, पाळणाघर हे सगळं कामच आहे आणि ते कामासारखंच लिहायचं: कधीपासून, कुणाकडे, किती मिळायचे.

बेस्ट, रेल्वे, पोस्ट, महापालिका, इस्पितळ, शाळा, दुकान असं काही असेल तर डेपो, स्टेशन, वॉर्ड, वर्ग यांची नावं मिळवा. कंडक्टरच्या घरच्यांना मार्गाचा नंबर बहुतेक तोंडपाठ असतो.

कपाट रिकामं व्हायच्या आत

मुंबईच्या घरात जागा नसते, म्हणून वस्तू लवकर जातात. औषधांची पिशवी, काठी, कपडे, आणि त्याच झपाट्यात ट्रंकेतले कागदही रद्दीत. काहीही हलवण्याआधी खोलीचे फोटो काढा: त्यांची बसायची जागा, उशाशी काय होतं, फळीवर काय होतं, देवघर. दहा मिनिटांचं काम आहे. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर जिना, गॅलरी आणि दारावरची पाटी यांचेही घ्या.

भिंतीवरचं कालनिर्णय टाकू नका. तारखांच्या चौकटीत दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, डॉक्टरची वेळ, कुणाच्या तरी लग्नाची खूण असते, आणि तीही त्यांच्याच अक्षरात. एका वर्षाचं असं कॅलेंडर पाच जणांच्या भाषणापेक्षा जास्त सांगतं. जुनी वर्षं कपाटावर गुंडाळून ठेवलेली सापडली तर भाग्य समजा.

कागदांपैकी शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, सर्व्हिस बुक, भाडेपावत्या, लग्नपत्रिका, पोस्टाचं पासबुक, गावच्या मंडळाच्या पावत्या हे सगळं वेगळं काढा. जुन्या रेशनकार्डावर एका खोलीत किती माणसं होती हे नावानिशी मिळतं. फक्त जन्मतारीख जपून घ्या. दाखल्यावर १ जून दिसली तर ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली असण्याची शक्यता दाट. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. अशा वेळी 'कागदोपत्री १ जून' असं लिहा, आणि घरात "नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा" असं काही सांगत असतील तर तेही शेजारी लिहा. बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि सासरी नाव बदललं असेल तर दोन्ही नावं. पत्रिकेत ही नावं सापडतात, नाहीतर दोन पिढ्यांत पुसली जातात.

फोटोंबद्दल: चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. अल्बमसकटच स्कॅन करा किंवा दिवसाउजेडी, ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी मोबाईलवर घ्या, फ्लॅश बंद ठेवून. छोटे ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्टुडिओत ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतले तर पुढे मोठे करता येतात. मूळ फोटो लॅमिनेट करू नका, एकदा केलं की ते निघत नाही. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. आणि फोटोंचा गठ्ठा त्या बाराव्याच्या गर्दीत मध्ये ठेवून द्या. "हा डावीकडून तिसरा कोण?" यावरून जे सुरू होतं ते कुठल्याच प्रश्नावलीनं निघत नाही.

त्यांचा फोन

सिम लगेच बंद करू नका. रिचार्ज संपू देऊ नका. घरच्यांच्या संमतीनं फोन उघडता येत असेल तर व्हॉट्सअॅपमधले त्यांचे व्हॉइस मेसेज आधी बाहेर काढा. "पोचलास का रे? फोन कर" एवढासा सहा सेकंदांचा मेसेजही ठेवा. तुमच्या स्वतःच्या फोनमध्येही ते असतात, तिथून सुरुवात करणं सोपं. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करता येतं. खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर व्हॉट्सअॅप साधारणपणे ते काढून टाकतं, तेव्हा वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं नाही. गूगल खात्याला दोन वर्षांची निष्क्रियतेची मर्यादा आहे, फोटो त्यात असतील तर उतरवून घ्या. फेसबुकला मृत्यूचा पुरावा दिला की ते खातं स्मृतिखातं करता येतं.

फोन हातात आहे म्हणून ओटीपी वापरून त्यांच्या बँकखात्यातून पैसे काढायचे नाहीत. घरचेच असलात तरी नाही. त्यासाठी दाखला, वारस आणि बँक असा रीतसर रस्ता आहे. खाजगी चॅट वाचत बसणंही बरं नव्हे. हवं ते घ्या, बाकीचं बंद करा.

आता लिहायला बसा

जन्मापासून सुरुवात केली की लेखन अर्जासारखं होतं. त्याऐवजी त्यांचा एक साधा वार लिहा. चांगल्या तब्येतीच्या दिवसांतला, सुट्टी नसलेला. उठायचे कधी, पहिला चहा कोण करायचं, पेपर कुठल्या पानापासून वाचायचे, स्टेशनला कुठल्या गल्लीतून जायचे, आल्यावर शर्ट कुठे टांगायचे. हे एक पान झालं की पुढचं आपोआप ओळीत येतं: कुठून आले, कशासाठी आले, कुणाच्या ओळखीनं खोली मिळाली, कुणाशी लग्न झालं, काय कमावलं, काय हुकलं.

त्यांचं बोलणं सुधारू नका. मालवणी, आगरी, कोळी, अहिराणी, वऱ्हाडी, जे बोलत होते ते तसंच अवतरणात घ्या. शिवीही, घरात चालत असेल तर.

आता अवघड भाग. दारू होती, भाऊबंदकीत कोर्ट झालं, एका मुलीशी दहा वर्षं बोलणं नव्हतं. माझं मत असं की जे सगळ्या चाळीला माहीत होतं ते लपवलं तर उरलेल्या पानांवरचाही विश्वास उडतो. एका सरळ वाक्यात लिहा, खुलासे करू नका, निवाडाही देऊ नका. मात्र जे फक्त घरच्या दोघा-तिघांना ठाऊक होतं, त्यावर त्या दोघा-तिघांचा हक्क आहे, लिहिणाऱ्याचा नाही. माणसानं स्वतःचं आयुष्य संपवलं असेल तर ते लिहायचं की नाही हे जोडीदार किंवा आईवडील ठरवतील. कसं, कशानं, हे कुठल्याच परिस्थितीत लिहू नका. या सगळ्यात तुमची स्वतःची झोप उडाली, काम सुचेना, तर वही बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मसुदा तिघांनाच दाखवा: सगळ्यात जवळचं एक माणूस, गावाकडचं एक, कामावरचं एक. फॅमिली ग्रुपवर टाकलात तर चाळीस अंगठे येतील, आणि कोणीतरी "माझं नाव का नाही?" म्हणून रुसेल. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा: 'आत्या म्हणते बोटीनं आले, काका म्हणतात एसटीनं.' तुम्ही पंच नाही.

पेपर, फ्लेक्स, शोकसभा

पेपरात जाहिरात द्यायची तर बहुतेक ठिकाणी दाखल्याची प्रत मागतात आणि दर जागेनुसार लागतो, म्हणून मजकूर आखूड ठेवा. नेहमीच्या साच्यात त्यांची म्हणून एक तरी ओळ घाला: 'बेस्टमध्ये ३१ वर्षे कंडक्टर' किंवा 'चाळीतल्या तीन पिढ्यांच्या शिकवण्या घेतल्या'. कै., वैकुंठवासी, कालकथित यांपैकी काय लावायचं ते घरच्यांना विचारून. घराचा पूर्ण पत्ता आणि सगळे जण गावी कधी जाणार हे छापू नका, बंद घराची ती जाहिरात होते.

चौकातला फ्लेक्स मला पटत नाही. गेलेल्या माणसाचा फोटो मध्ये आणि भोवती पंधरा शुभेच्छुक, त्यातले दहा त्याला ओळखत नव्हते. शिवाय पालिकेची परवानगी लागते. पण मंडळाचा आग्रह असेल तर भांडत बसू नका, निदान फोटो तरी चांगला द्या. आजारपणातला नको.

शोकसभा चाळीच्या पटांगणात, सोसायटीच्या ऑफिसात, मंडळाच्या खोलीत, कुठेही होते. चार बोलणारे, प्रत्येकी पाच मिनिटं. पुढाऱ्याला सुरुवातीला बोलावलंत तर तो वीस मिनिटं घेतो, शेवटी ठेवा. पहिल्यांदा शेजाऱ्याला उभं करा. आणि तुमच्या वहीतला तो एका साध्या वाराचा मजकूर एखाद्या नातवंडाला वाचायला द्या.

प्रती

झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग करून पंधरा-वीस प्रती काढल्या तरी पुरतात, छापखान्याची गरज नाही. एक मुंबईतल्या घरी, एक गावच्या घरी, एक सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीकडे. मुलींकडची प्रत बहुतेक घरं विसरतात. रेकॉर्डिंग आणि स्कॅन एका पेनड्राइव्हवर आणि शिवाय दोन वेगळ्या माणसांच्या ऑनलाइन खात्यांत ठेवा. फाइलला 'न्यू रेकॉर्डिंग ७' असं नाव राहू देऊ नका. कोण बोलतंय, कोणाबद्दल, कुठल्या तारखेला, एवढं नावातच घाला, आणि पेनड्राइव्ह कुठे आहे ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.